फुटबॉल म्हणजे निकाली कुस्ती नव्हे

कोल्हापुरात फुटबॉलचे वाद दोन जागी चालतात. एक शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर: पाटाकडील भारी की दिलबहार, खंडोबा की शिवाजी मंडळ. दुसरा रात्री टीव्हीसमोर आणि सकाळी चहाच्या गाड्यावर: मेस्सी मोठा की रोनाल्डो, ब्राझील की अर्जेंटिना. वर्ल्ड कप आला की पेठांत फलक लागतात आणि एरवी एका तालमीच्या झेंड्याखाली बसणारी पोरं दोन देशांत वाटली जातात. वाद पेठेचा असो की जगाचा, त्यात शेवटचं शस्त्र एकच निघतं. "ते सगळं राहू दे भावा, फायनलला काय केलं त्यानं, ते सांग."

हे वाक्य पडलं की समोरचा गप्प बसतो. २०१४ ची फायनल काढली की मेस्सीवाला मान खाली घालतो. २००४ च्या युरोत ग्रीसनं पोर्तुगालला हरवलं ते काढलं की रोनाल्डोवाला विषय बदलतो. १९९८ काढलं की ब्राझीलवाल्याची बोलती बंद. हरलेली फायनल हा आपल्या वादातला हुकमी पुरावा झाला आहे. हा पुरावा खोटा आहे, असं मला या लेखात दाखवायचं आहे. फायनल हरणं हा संघाचा निकाल आहे. त्यावरून एका खेळाडूची किंमत ठरवणं हे फुटबॉल न समजण्याचं लक्षण आहे, आणि ज्या गावानं एवढ्या प्रेमानं हा खेळ जपला त्या गावाला ते शोभत नाही.

आधी विरुद्ध बाजू नीट मांडू. ती बाजू मूर्खांची नाही. त्यात जुने जाणते प्रेक्षकही आहेत आणि स्वतः मैदान गाजवलेले खेळाडूही. त्यांचं म्हणणं चार मुद्द्यांत येतं. एक, फायनल ही खरी परीक्षा. साखळीत दुबळ्या संघाला चार गोल कुणीही मारतो; दडपणाखाली जो उभा राहतो तो मोठा. दोन, मोठ्यांनी हे करून दाखवलंच आहे. पेलेनं १९५८ च्या फायनलला सतराव्या वर्षी दोन गोल केले, झिदाननं १९९८ ला डोक्यानं दोन मारले, मग इतरांना सवलत का? तीन, स्टार खेळाडूला पैसा, मान, फलक सगळं जास्त मिळतं. मग दोषही त्यानंच जास्त घ्यायला हवा. चार, इतिहास कपावरचं नाव लक्षात ठेवतो, हरलेल्याचा खेळ नाही. हे चारही मुद्दे मी ऐकत आलो आहे आणि त्यांना उत्तर आहे असं मला वाटतं.

पण उत्तर देण्याआधी हा विचार आपल्याकडे इतका खोल का रुजला, ते पाहायला हवं. आपला फुटबॉल तालमीत वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं घेताना आपण "तालीम मंडळ" असंच म्हणतो, कारण लाल माती आणि फुटबॉल या दोन्हींना सांभाळणारं घर एकच होतं. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभं राहिलेलं खासबाग मैदान शाहू स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खासबागेत पिढ्यान् पिढ्या बसून आपली नजर तयार झाली. तिथं दोन पैलवान उतरतात, एक चितपट होतो, एक जिंकतो. पंचाचा हात वर जातो आणि कुणाची ताकद किती हे सगळ्या मैदानाला कळतं. निकाली कुस्ती हा आपला न्याय आहे, आणि कुस्तीपुरता तो चोख आहे.

तीच नजर घेऊन आपण फुटबॉलला बसतो, तिथं घोटाळा होतो. मैदानात बावीस खेळाडू असतात आणि आपण त्यातले दोन निवडून त्यांची कुस्ती लावतो. संघ हरला की आपल्या डोळ्याला कुणीतरी चितपट झालेला दिसावाच लागतो, आणि सगळ्यात मोठं नाव ज्याचं, त्याचीच पाठ आपण मातीला लावतो. पण फुटबॉलच्या फायनलमध्ये असा एकाचा पाडाव होतच नाही. गोलरक्षकाचा हात, बचावपटूचं पाऊल, दुसऱ्याच फॉरवर्डनं घालवलेली संधी, प्रशिक्षकानं केलेला बदल, यातल्या कशावरही कप फिरतो.

आता पुरावे पाहू. २०१६ च्या युरोची फायनल. क्रिस्तियानो रोनाल्डोच्या गुडघ्याला सुरुवातीलाच मार बसला आणि पंचवीस मिनिटांच्या आत तो स्ट्रेचरवरून बाहेर गेला. गोल झाला १०९ व्या मिनिटाला, एडरनं केलेला. पोर्तुगाल जिंकलं आणि त्या दिवसापासून "रोनाल्डोनं युरो जिंकला" हे वाक्य वादात खणखणीत नाण्यासारखं चालतं. २०२४ च्या कोपा अमेरिकेच्या फायनलला मेस्सी घोटा सुजून ६६ व्या मिनिटाला बाहेर आला आणि बाकावर बसून रडला. लाउतारो मार्टिनेझनं ११२ व्या मिनिटाला गोल केला. तो कपही मेस्सीच्या खात्यात जमा. १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला आणि पुढं खेळलाच नाही. ब्राझीलला गारिंचानं ओढून नेलं. तरी पेलेचे वर्ल्ड कप किती, असं विचारलं की आपण तीन सांगतो.

आणि आता दुसरी बाजू. १८ डिसेंबर २०२२, लुसैल. किलियन एम्बापेनं वर्ल्ड कप फायनलमध्ये हॅट्‌ट्रिक केली. त्याच्याआधी पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये ही करामत एकट्या जेफ हर्स्टनं, १९६६ ला केली होती. ऐंशीव्या मिनिटापर्यंत दोन गोलांनी मागे असलेल्या फ्रान्सला त्यानं ९७ सेकंदांत बरोबरीत आणलं, ११८ व्या मिनिटाला पुन्हा आणलं आणि टायब्रेकरमधली आपली किकही जाळ्यात घातली. एवढं करून तो हरला. बाहेर बसून जिंकलेल्यांच्या खात्यात कप, आणि तीन गोल करणाऱ्याच्या खात्यात हार. ज्या हिशोबात असं निघतं, तो हिशोब खेळाडूचा नाही, हे कबूल करायला आणखी काय हवं?

त्याच सामन्यातला एक क्षण जवळून पाहा. जादा वेळेची शेवटची घटका, १२३ वं मिनिट, ३–३. लांबून आलेला चेंडू अर्जेंटिनाच्या बचावपटूंच्या डोक्यावरून पुढं पडतो आणि कोलो मुआनी गोलसमोर एकटा. समोर फक्त एमिलियानो मार्टिनेझ. मुआनी पाय लावतो, चेंडू जमिनीलगत जोरात सुटतो, आणि मार्टिनेझ हातपाय पसरून स्वतःला फेकतो. चेंडू त्याच्या डाव्या पायावर आदळून बाहेर जातो. त्या वेळी मेस्सी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याचे दोन गोल झाले होते, त्याचा त्या रात्रीचा खेळ जवळपास संपला होता. चेंडू वीतभर बाजूनं गेला असता तर फ्रान्स ४–३ नं जिंकलं असतं, आणि आपल्या चहाच्या गाड्यावर दुसऱ्या दिवशी "दोन फायनल हरलेला मेस्सी" असा निवाडा झाला असता. खेळ तोच, गोल तेच, घाम तोच. निवाडा मात्र गोलरक्षकाच्या पोटरीवर अवलंबून. असला निवाडा आपण माणसाच्या सगळ्या कारकिर्दीवर ठोकायचा?

२०१४ ची फायनलही आठवणीतून पुन्हा काढू, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर झाला आहे. १३ जुलै, माराकाना. समोर जर्मनी, ज्यांनी पाचच दिवसांपूर्वी ब्राझीलला त्यांच्याच देशात ७–१ नं हरवलं होतं. अर्जेंटिनाचा दि मारिया जखमी होऊन बाहेर. विसाव्या मिनिटाच्या आसपास टोनी क्रूसनं चुकून डोक्यानं मागं दिलेला चेंडू हिग्वाइनला मिळाला. गोलरक्षकाशी थेट गाठ, आणि चेंडू बाहेर. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला मेस्सीला डाव्या बाजूनं वाट मिळाली, त्यानं मारलेला चेंडू लांबच्या खांबाला चाटून जावा इतक्या जवळून गेला. जादा वेळेत पालासिओनं गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचललेला चेंडू बाहेर गेला. ११३ व्या मिनिटाला गोट्झेनं छातीवर घेऊन मारलेल्या चेंडूवर सामना संपला. तीन मोठ्या संधी, त्यातली मेस्सीची एक. तीही नेम धरून मारलेली, थोडक्यात हुकलेली. पण आपण बोलताना म्हणतो, "फायनलला दिसलाच न्हाई त्यो." दिसला होता. आपण निकाल पाहून मागं वळलो आणि सामना पुसून टाकला.

हे मान्य करायला मला अडचण नाही, की त्या स्पर्धेत मेस्सीचे चारही गोल साखळीतले होते आणि बाद फेरीत त्याच्या नावावर गोल नाही. त्यामुळं त्याला मिळालेल्या गोल्डन बॉलवर वाद झाला, तो रास्तच होता. अशी चर्चा मला हवीच आहे, कारण तीत खेळ बोलतो. माझं भांडण "फायनल हरला म्हणजे संपला" या एका ओळीच्या निवाड्याशी आहे.

रॉबर्तो बाज्जिओचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. १९९४ ला इटली फायनलपर्यंत आली ती त्याच्या पायावर. नायजेरियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध एक, बल्गेरियाविरुद्ध दोन, असे बाद फेरीतले पाच गोल एकट्याचे. फायनलला टायब्रेकरमध्ये त्यानं किक बारवरून मारली आणि जगानं तेवढंच लक्षात ठेवलं. पण त्याच्याआधी बारेसीनं बाहेर मारली होती, मासारोची अडवली गेली होती. ब्राझील ३–२ नं पुढं होतं आणि त्यांची एक किक शिल्लक होती. बाज्जिओनं गोल केला असता तरी इटली वाचेलच याची खात्री नव्हती. तरी "बाज्जिओनं कप घालवला" हे वाक्य तीस वर्षं चालू आहे, आणि बारेसी व मासारोचं नाव कुणी काढत नाही. का? कारण आपल्याला चितपट झालेला एकच हवा असतो, तोही नावाजलेला.

क्रिकेटमध्ये आपण जरा शहाणे वागतो का, तेही तपासू. २००३ च्या फायनलला सचिन तेंडुलकर चार धावांवर बाद झाला, भारत हरला, आणि "मोठ्या सामन्यात सचिन चालत नाही" असं म्हणणारे घरोघरी निघाले. त्याच स्पर्धेत त्यानं ६७३ धावा केल्या होत्या, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. २०११ च्या फायनलला वानखेडेवर तो अठरा धावांवर बाद झाला. भारत जिंकला, सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्या अठरा धावा कुणी मोजल्या नाहीत. चार आणि अठरा यांत फरक चौदा धावांचा. निवाड्यातला फरक मात्र आकाशपाताळाचा, आणि तो फरक गंभीर, धोनी आणि त्यांच्या साथीदारांनी केला.

आता चार मुद्द्यांना एकेक करून उत्तर देतो.

फायनल ही खरी परीक्षा, हा पहिला. फायनलचं दडपण वेगळं असतं, हे खरं. पण फायनलपर्यंत पोचायला उपांत्य फेरी जिंकावी लागते, आणि तिथं हरणारा कपाच्या शर्यतीतूनच बाहेर पडतो, त्याला दुसऱ्या क्रमांकाचं पदकही मिळत नाही. १९९८ च्या उपांत्य सामन्यात लिलियन थुरामनं दोन गोल करून फ्रान्सला वाचवलं नसतं, तर फायनलला झिदानच्या डोक्यावर चेंडू आलाच नसता. ती परीक्षा नव्हती का? आपल्या तर्कानं बघितलं तर उपांत्य फेरीत हरणारा स्टार सुखरूप राहतो, फायनलला जाऊन हरणाऱ्याला शिव्या. जो पुढं गेला त्यालाच शिक्षा, हा न्याय उलटा आहे.

मोठ्यांनी करून दाखवलं, हा दुसरा मुद्दा. त्याच मोठ्यांची दुसरी फायनल पाहा. १९९८ चा नायक झिदान २००६ च्या फायनललाही उतरला. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर त्यानं गोल केला, पुढं रागाच्या भरात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर डोकं मारून बाहेर गेला आणि फ्रान्स टायब्रेकरमध्ये हरलं. ब्राझीलच्या रोनाल्डोला १९९८ च्या फायनलच्या दिवशी दुपारी झटका आला. संघाच्या पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं, नंतर घातलं गेलं. तो मैदानात हरवल्यासारखा फिरला आणि ब्राझील ३–० नं हरलं. २००२ ला त्याच रोनाल्डोनं जर्मनीविरुद्ध दोन गोल करून कप आणला. माराडोनानं १९८६ चा कप जिंकला असं आपण म्हणतो, पण त्या फायनलमधले अर्जेंटिनाचे तीन गोल ब्राउन, वाल्दानो आणि बुरुचागाचे. माराडोनाला मातेउस चिकटून होता. एका क्षणाला त्यानं सुटका करून घेतली आणि बुरुचागाला चेंडू दिला, तेवढ्यानं काम झालं. १९९० ला जर्मनीनं ८५ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर त्यालाच रडवलं. म्हणजे फायनलला उभा राहणारा आणि फायनलला पडणारा अशा खेळाडूंच्या दोन जाती नसतात. एकाच माणसाला दोन्ही भोगावं लागतं.

तिसरा मुद्दा जास्त दोष घ्यावा, हा. इथं मी अर्धं पाऊल तुमच्याकडे येतो. स्वतःच्या हातानं केलेल्या चुकीचा जाब स्टारलाही द्यावा लागेल. झिदानचं डोकं मारणं ही त्याची चूक, तिला दडपणाचं पांघरूण नको. २००२ च्या फायनलला जर्मनीच्या ऑलिव्हर कानच्या हातून चेंडू निसटला आणि त्यावर रोनाल्डोनं पहिला गोल केला. ती कानची चूक होती. पण चुकीचा जाब घेणं आणि माणसाला मोडीत काढणं यांत अंतर आहे. त्याच कानच्या हातांनी जर्मनी फायनलपर्यंत आली होती. तोपर्यंतच्या सहा सामन्यांत त्याच्यावर एकच गोल झाला होता. एक निसटलेला चेंडू खरा, तसेच ते सहा सामनेही खरे. जाब घ्यायचा तर दोन्ही पानं उघडून घ्या.

चौथा मुद्दा, इतिहास हरलेल्याला विसरतो. हे तर सरळ खोटं आहे. १९९८ ते २०१८ या सहा वर्ल्ड कपचे गोल्डन बॉल कुणाला मिळाले? रोनाल्डो, कान, झिदान, फोरलान, मेस्सी, मॉड्रिच. फोरलानचा उरुग्वे चौथा आला. बाकी पाचही जण फायनल हरलेल्या संघाचे. यावर कुणी म्हणेल, की त्यातल्या काहींना मतं पडली तेव्हा फायनल संपलेलीच नव्हती. मी म्हणतो, त्यातूनच माझा मुद्दा निघतो. शेवटची शिट्टी व्हायच्या आधी ज्याचा खेळ सर्वोत्तम दिसत होता, तो शिट्टी झाल्यावर वाईट कसा झाला? इतिहासानं तर १९५४ चा पुस्कासचा हंगेरी आणि १९७४ चा क्रायुफचा हॉलंड हे हरलेले संघच जास्त जपले आहेत.

आपल्याच घरचा दाखला इथं सगळ्यात मोठा आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जपानच्या इशीकडून हरले. ती लांबलेली लढत संपते न संपते तोच, पुरेशी विश्रांती न मिळता, त्यांना सोव्हिएत पैलवानाशी उतरावं लागलं. त्यांच्या बाजूनं भांडायला तिथं भारताचा कुणी अधिकारी नव्हता. तीही कुस्ती गेली. सुवर्ण इशीला, रौप्य सोव्हिएत पैलवानाला, कांस्य खाशाबांना. त्यांच्या गोळेश्वर गावानं त्यांची मिरवणूक शंभरावर बैलगाड्या जोडून काढली. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि आज या मातीतला कुणीही "खाशाबा मोक्याच्या कुस्तीत हरले" असं म्हणत नाही. म्हणणाऱ्याला आपण उभं करणार नाही. म्हणजे हरलेल्या लढतीतली थोरवी ओळखायची नजर आपल्याकडे आहे, तीही खुद्द कुस्तीत, जिथं हार निखळ एकट्याची असते. मग अकरा जणांच्या खेळात ती नजर कुठं जाते?

ही नजर परत यायला हवी, कारण हा वाद मेस्सी आणि रोनाल्डोपाशी थांबत नाही. त्या दोघांना आपल्या बोलण्यानं काही होत नाही. होतं ते आपल्या पोराला. शाहू स्टेडियमवर फायनल बरोबरीत सुटते, टायब्रेकर लागतो. पायऱ्या भरलेल्या, दोन्हीकडचे ढोल थांबलेले. मध्यरेषेवर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या खेळाडूंतून एक पोरगा निघतो. वय एकोणीस-वीस. चेंडू हातात घेऊन तो पेनल्टीच्या ठिपक्याकडं चालतो. त्याला माहीत असतं, की वरच्या पायऱ्यांवर त्याच्या गल्लीतली अर्धी माणसं मोबाईल उंच धरून बसली आहेत. किक हुकली की तिचा व्हिडिओ त्याच्याआधी घरी पोचतो. स्टेटसवर शिव्या, गल्लीच्या तोंडावर टोमणे, "विकला गेला" इथपर्यंत संशय. सगळ्या हंगामात त्यानं किती सामने एकट्यानं खेचले, हे त्या रात्री कुणी बोलत नाही. आणि हीच जळजळ पुढं दोन समर्थकांच्या गटांत हाणामारी होऊन रस्त्यावर येते. हुल्लडबाजीमुळं सामने थांबले, स्पर्धा अडचणीत आल्या, हे कोल्हापूरला नवीन नाही. ईर्षा हा आपल्या फुटबॉलचा प्राण आहे हे मला मान्य आहे. पण हरणाऱ्याला माणूस मानत नाही ती ईर्षा खेळाला खाते.

या वाटेच्या टोकाला काय असतं, ते ब्राझीलनं दाखवलं आहे. १९५० ला माराकानावर उरुग्वेनं ब्राझीलला २–१ नं हरवलं आणि दोष गोलरक्षक बार्बोसाच्या माथी बसला. चांगला गोलरक्षक म्हणून त्याचं नाव होतं, ते पुसलं गेलं. २००० साली तो वारला, तोवर पन्नास वर्षं त्यानं एका गोलाचं ओझं वाहिलं. उलट वाट इंग्लंडच्या संघानं दाखवली. २०२१ च्या युरो फायनलला एकोणीस वर्षांच्या बुकायो साकाची शेवटची किक अडवली गेली. समाजमाध्यमांवर त्याच्या वर्णावरून घाण ओतली गेली. प्रशिक्षक साउथगेटनं उघडपणे सांगितलं की किक कुणी मारायच्या हा निर्णय माझा होता. संघ त्याच्या पाठीशी राहिला. २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध त्याच साकानं बरोबरीचा गोल केला आणि टायब्रेकरमध्ये आपली किकही जाळ्यात घातली. पाठीवर हात ठेवल्यानं खेळाडू घडतो, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही.

मग फायनलमधला खेळ मोजायचा कसा? मी चार प्रश्न सुचवतो. चेंडू पायाशी नसताना तो काय करत होता, त्यानं किती बचावपटू आपल्याकडं ओढले आणि त्यामुळं कुणाला जागा मिळाली? त्यानं साथीदारांसाठी संधी तयार केल्या का, आणि त्या कुणी घालवल्या? त्याच्यासमोर कोण होतं, आणि तो किती तंदुरुस्त होता? आणि चूक झाल्यावर पुढच्या चेंडूसाठी तो धावला का? या प्रश्नांची उत्तरं वाईट आली तर खुशाल टीका करा, कितीही मोठं नाव असो. पण सामना पाहून करा, फलकावरचे आकडे पाहून नको.

२०२२ ची आयएसएल फायनल या प्रश्नांनी पाहा. गोव्यातल्या फातोर्ड्याला हैदराबादनं केरळा ब्लास्टर्सला टायब्रेकरमध्ये हरवलं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात हैदराबादच्या संघात होता. त्या हंगामाचा सर्वाधिक गोल करणारा ओगबेचे, अठरा गोलांचा धनी, फायनलला गोल करू शकला नाही. बरोबरीचा गोल साहिल तवोरानं ८८ व्या मिनिटाला केला, आणि गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीनं टायब्रेकरमध्ये तीन किक अडवल्या. कट्टीमणीचे हात चालले म्हणून ओगबेचेला कुणी बोललं नाही. ते हात चालले नसते तर अठरा गोल वाया ठरले असते का? ज्याला उत्तर "नाही" वाटतं, त्यानं तेच उत्तर मेस्सीला, रोनाल्डोला आणि आपल्या तालमीच्या पोरालाही द्यावं.

आपल्या स्पर्धांनी एक सुंदर प्रथा आधीच पाडली आहे. सामना संपला की सामनावीराबरोबर "लढवय्या खेळाडू" म्हणूनही एकाला गौरवतात, आणि तो मान हरलेल्या संघातल्या पोराला मिळतो. संयोजकांनी हा सत्कार उरकून टाकू नये. फायनलच्या दिवशी तो आधी, मोठ्या आवाजात, त्यानं काय केलं ते सांगून व्हावा. तालमीच्या ज्येष्ठांनी टायब्रेकरमध्ये किक हुकलेल्या पोराला त्याच रात्री तालमीत बोलवावं आणि सगळ्यांसमोर जवळ बसवावं. समर्थकांनी हुकलेल्या किकचा व्हिडिओ पुढं पाठवू नये, एवढं तर कुणालाही जमण्यासारखं आहे. आणि पुढच्या वेळी चहाच्या गाड्यावर कुणी विचारलं, "फायनलला काय केलं त्यानं?" तर गप्प बसू नका. काय केलं ते सांगा, मिनिटागणिक सांगा, चूकही सांगा आणि खेळही सांगा. सामना इतक्या बारकाईनं पाहणारं गाव महाराष्ट्रात दुसरं नाही असं आपण अभिमानानं म्हणतो. तो अभिमान खरा करून दाखवायची जागा हरलेली फायनल हीच आहे.